आधी आशीर्वाद, मग नमस्कार

आमच्या घरातून आजवर कुणी मन दुखवून घेऊन गेलेलं नाही, असं मी गल्लीत चारचौघींसमोर सांगत असे. जावई रुसले ते आपापल्या आयांच्या शिकवणीनं रुसले, व्याही रागावले ते स्वतःच्या पोटदुखीनं. माझ्या हातचं कट्टसारू, म्हणजे कटाची आमटी, ओरपून कुणी तोंड वाकडं केलं असेल, तर ते तोंड मुळातलंच वाकडं. म्हणून त्या बुधवारी कार्तिकेयानं चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं, शेजारच्या घरची चिठ्ठी चुकून आपल्याकडे आली असेल.

चिठ्ठी वरच्या खोलीतल्या मुलीची होती. रेघांच्या कागदावर, इंग्रजीत, घडी करून वर्तमानपत्रात खोचलेली. येत्या रविवारी खोली सोडते, आपण सगळ्यांनी केलेल्या मदतीबद्दल आभार, असा मजकूर. दोनच ओळी. कारण काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी विचारलं, खोलीला काय झालं? पंखा नवा, चुना नवा, बादलीसुद्धा नवी घेतली होती. कार्तिकेय म्हणाला, "आई, बादलीचं काही नाही लिहिलं तिनं." माझा मुलगा शांत आहे. बापावर गेला आहे. अशा शांत माणसांचा मला फार राग येतो.

ती आमच्याकडे कशी आली ते सांगते. कार्तिकेय ज्या कचेरीत कारकून आहे तिथे भाताचं संशोधन चालतं. भात भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं आणि गिरणीत घालायचं, एवढ्याचंच शास्त्र. त्याला एवढी मोठी इमारत कशास लागते, हे मी त्याला वीस वर्षं विचारते आहे. पण देश आता सगळ्या जगाला दारं उघडून बसला आहे, असं टीव्हीवर रोज सांगत होते. त्या उघड्या दारांतून बाटल्यांतलं रंगीत पाणी आलं, घराघरांवर केबलच्या तारा आल्या, आणि पंचाण्णव सालच्या आषाढात आफ्रिकेतल्या टांझानियाहून पाच जण ते भाताचं शास्त्र शिकायला आले. चार पुरुष आणि एक मुलगी. पुरुषांची सोय कचेरीच्या वसतिगृहात झाली, मुलीची कुठे होईना. बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये ठेवावं, तर तिथे रात्रंदिवस दारुडे. कार्तिकेयानं साहेबांपुढे जीभ उचलली आणि आमची वरची खोली देऊन टाकली. मला विचारलं ते नंतर.

रिक्षातून उतरली तेव्हा दाराच्या चौकटीला तिचं डोकं लागायचं राहिलं, इतकी उंच. केसांच्या बारीक बारीक वेण्या डोक्याला चिकटवून घातलेल्या, शेतात नांगराचे तास असावेत तशा. रंग काळा. नुसता काळा नव्हे, आमच्या देवघरातल्या शाळिग्रामासारखा तुळतुळीत. समोरची ताराबाई धावत आली आणि माझ्या कानाशी लागून विचारू लागली, ही खाते कशी? मी म्हटलं, तोंडानं. तेवढ्यावर ती घरी गेली.

मुलीचं नाव तुसेकिले. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिनं पेटी खाली ठेवली, माझ्यासमोर गुडघे थोडे वाकवले, मान खाली घातली आणि म्हणाली, "शिकामो." माझी नात दिव्यश्री बारावीत आहे, कॉन्व्हेंटमध्ये. घरात इंग्रजी धडाधड बोलणारी तीच एक. तिनं विचारून सांगितलं, आज्जी, तिच्याकडे मोठ्यांना असा नमस्कार करतात, पाय धरते असं त्याचं काहीसं होतं. मला बरं वाटलं. वळण आहे मुलीला. मी दिव्यश्रीला म्हटलं, हिला सांग, सुखानं राहा, पण घरात मांसमच्छी शिजवायची नाही, नळाला पाणी साडेपाचला येतं ते भरून घ्यायचं, चपला डावीकडे, दार नऊला लागतं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि आमचं घराणं हे मराठा राजांच्या वेळेपासून या तमिळ मुलुखात आहे, कुणी ऐरेगैरे नव्हेत. बराच वेळ बोलले. दिव्यश्रीनं चार शब्दांत आटपलं. मी विचारलं, सगळं सांगितलंस? म्हणाली, सगळं. मला वाटलं, इंग्रजी मोठी आटोपशीर भाषा असली पाहिजे.

आता माझी सकाळ. मी पहाटे उठून विहिरीच्या पाण्यानं न्हाते, ओलेत्यानं तुळशीला पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, मग देव, मग नैवेद्य. तोवर मौन. हे मौन मला माझ्या सासूनं लावून दिलं. लग्नानंतर महिन्याभरातच तिनं ओळखलं की ही सून तोंडाळ आहे, हिच्यापासून दिवसाचा एक तास तरी सुटका हवी. देवाच्या नावावर लावून दिलं म्हणून मला मोडता आलं नाही. सासू गेली, मौन राहिलं. आणि सोवळं तर होतंच. त्या वेळात मी पोटच्या पोरालाही शिवत नाही, नवऱ्यालाही नाही. मांजर आडवं आलं तरी लुगडं आवरून घेते.

नेमकी त्याच वेळी तुसेकिले खाली उतरायची. सहा-दहाची बस तिला गाठायची असे. जिना उतरून अंगणातून, तुळशीला वळसा घालून दारापर्यंत जायचं, दुसरी वाटच नाही. माझ्यासमोर आली की थांबायची, गुडघे वाकवायची, "शिकामो" म्हणायची. मी प्रदक्षिणा घालत असे. ती जवळ उभी म्हणून मी लुगड्याचा काठ आवरून घेई. ती थोडा वेळ तशीच उभी राही, मग चपला घालून निघून जाई. एकही दिवस चुकला नाही. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा भिंतीला धरून उतरली आणि नमस्कार करून मग बसला गेली.

मी तिची स्तुती किती केली म्हणून सांगू. ताराबाईला सांगितलं, तुझ्या सुना नुसत्या सणावारी वाकतात, ही परक्या देशातली मुलगी मला रोज नमस्कार करते. देवळात सांगितलं, केबलवाल्याला सांगितलं. फूलवाली धनलक्ष्मी रोज संध्याकाळी येते, तिलाही सांगितलं. अख्ख्या गल्लीला सांगितलं. एक तिला तेवढं सांगितलं नाही.

संध्याकाळी ती परत यायची तेव्हा मी पुढच्या ओट्यावर बारके कांदे सोलत बसलेली असे. मी दिव्यश्रीला म्हणे, विचार हिला, जेवलीस का. विचार हिला, तुझ्या गावी भात पिकतं म्हणतात, ते कसलं, जाड की बारीक. विचार हिला, लग्न का नाही झालं अजून. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी. मी दिव्यश्रीकडे पाहून बोले, ती माझ्याकडे पाहून उत्तर देई, आणि दिव्यश्री दोघींच्या मध्ये उभी राहून माझ्या प्रश्नांतले निम्मे गिळून टाकी. लग्नाचा प्रश्न तिनं एकदाही विचारला नव्हता, हे मला फार पुढे कळलं.

धनलक्ष्मीचं बरीक उलटं. तिला तमिळपलीकडे एक अक्षर येत नाही. पण ती तुसेकिलेशी सरळ तमिळच बोले, भरभर, जशी ती कुंभकोणमची असावी. तिला ती तुळसी म्हणे. एकदा अबोलीचा गजरा तिच्या त्या चिकटलेल्या वेण्यांत कसा माळायचा म्हणून दोघी ओट्यावर अर्धा तास झटत होत्या. शेवटी धनलक्ष्मीनं स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढून खोचला, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसल्या. मी मनात म्हटलं, काय अडाणी बाई आहे. समोरच्याला कळत नाही तर बोलायचं कशास?

तर असे तीन महिने गेले आणि चिठ्ठी आली.

कार्तिकेय घाबरला होता. साहेब विचारतील, काय झालं म्हणून. ती तिरुचीला कुणा मिशनच्या बायकांकडे राहायला जाणार होती आणि तिथून रोज जाऊन येऊन करणार होती. म्हणजे दिवसाचे तीन तास बसमध्ये. त्यापेक्षाही आमचं घर तिला नकोसं झालं होतं. मी दिव्यश्रीला वर पाठवलं. म्हटलं, खरं कारण काढून आण, उगीच गोड बोलून येऊ नकोस.

बऱ्याच वेळानं ती उतरली. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी कांदे बाजूला ठेवले. आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते, वाचत राहिले.

दिव्यश्रीनं सांगितलं ते असं. बसमध्ये लोक उभे राहतात पण तिच्या शेजारच्या जागेवर बसत नाहीत. पोरं येऊन तिच्या हातावर बोट घासून पाहतात, रंग निघतो का म्हणून. दुकानदार तिला काय हवं ते तिला न विचारता बरोबरच्याला विचारतो. याचं तिला फारसं वाटत नाही, ते परके लोक. पण आपल्या घरात ती रोज सकाळी आज्जीला नमस्कार करते आणि आज्जी उत्तर देत नाही. तिच्या गावी मोठ्या माणसानं या नमस्काराला 'मराहाबा' म्हणायचंच असतं. स्वीकारला, असा त्याचा अर्थ. भांडण असलं तरी म्हणतात. नुसतं ऐकून जो गप्प राहतो, त्यानं सांगितलं असं होतं की तू माझ्या लेखी माणूसच नाहीस. इथली भाषा वेगळी, तेव्हा इथला काही शब्द म्हणतील, नाहीतर नुसती मान हलवतील, म्हणून ती रोज थांबून वाट पाहायची. आज्जी मान फिरवते आणि लुगडं आवरून घेते.

दिव्यश्री म्हणाली, "तिनं वाट पाहिली आज्जी. तीन महिने. म्हणाली, घरी मला कुणी असं केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशीच गेले असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, अगं, मौन असतं माझं. सोवळं असतं. मी तुझ्या बापालाही शिवत नाही, तुझ्या आजोबांकडे पाहतसुद्धा नाही. ही काय नवी कोण लागून गेली? चाळीस वर्षांचा माझा नेम, आणि ही तीन महिन्यांची पोर मला वळण शिकवते.

आमचे हे वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "तिला हे कुणी सांगितलं होतं?"

दिवसातून यांचं एखादंच वाक्य असतं. ते नेमकं जिथे बसायचं तिथेच बसतं.

मी दिव्यश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, मला कुणी सांग म्हटलं नाही. आणि पुढे म्हणाली, "आणि सकाळचं मौन तुळशीचं, समजलं. संध्याकाळचं कुणाचं, आज्जी? कावळ्याला सरळ शिव्या देतेस. ती समोर उभी असते आणि तू म्हणतेस, विचार हिला."

माझ्यापुढे असं बोलण्याची या घरात कुणाची छाती नाही. मी तिला स्वयंपाकघरात पिटाळलं. पण कांदे हातात घेतले ते तसेच राहिले.

मला तो पुण्याचा माणूस आठवला. राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुने कागद वाचायला आला होता, चांगला शिकलेला, चष्मेवाला. कार्तिकेय त्याला जेवायला घेऊन आला. मी उडदाच्या पिठाची डांगर पचडी केली, कट्टसारू केलं, पानाशी बसून आग्रह करकरून वाढलं आणि तासभर बोलले, आमचे पूर्वज कसे आले, कुणी कुठली जहागीर खाल्ली. तो हसत ऐकत होता, पोपट बोलू लागला की हसतात तसा. मग कार्तिकेयाला म्हणाला, "यांना आपलं मराठी कळतं का हो?" माझ्यासमोर. तासभर मी त्याच्याशी मराठीच बोलत होते. मी उठले आणि त्याच्या पानात पुन्हा तूप वाढलं नाही. आठ वर्षं झाली, पण ते 'यांना' माझ्या अंगातून गेलेलं नाही.

त्यानं मला एकदा 'यांना' केलं होतं. मी हिला तीन महिने रोज 'हिला' केलं.

बरं, चूक समजली म्हणून काय झालं? आमच्या घरात मोठी माणसं माफी मागत नाहीत. त्याला आमच्याकडे शब्दच नाही. मोठं माणूस आपणहून आधी नमस्कारही करत नाही, तो रिवाज इथेही तसा आणि तिच्या गावीही तसाच. तेव्हा करायचं काय? मी त्या दिवशी पाटावरवंट्याशी बसून चटणी वाटता वाटता तो शब्द घोकला. मराहाबा. वरवंट्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. सून अखिला दारातून डोकावली आणि काही न विचारता गेली. ती शाळेत शिकवते, घोकणाऱ्याला अडवायचं नसतं हे तिला ठाऊक आहे.

गुरुवारी मी चारला उठले. आकाशात तारे असतानाच न्हाले, तुळस, देव, नैवेद्य सगळं आटपलं. लुगडं मात्र ओलंच ठेवलं, का ते सांगेन. सहाला दहा कमी असताना मी अंगणात पाट टाकून बसले, हातात काही नाही, तोंडात मंत्र नाही. अशी रिकामी मी लग्नानंतर कधी बसले नव्हते.

ती उतरली. मी पाहिलं. ती माझ्या बाजूनं गेली आणि थांबली नाही. गुडघे वाकले नाहीत, शब्द नाही. नजर जमिनीवर. तिनं चपला घातल्या, एकेका अंगठ्याकडे पाहत, जशी त्या अंगणात ती, तिच्या चपला आणि तुळस यांच्याशिवाय कुणीच नव्हतं.

मी चौसष्ट वर्षांची बाई. या गल्लीत माझ्यासमोरून न बोलता जाईल असं माणूस नाही, कुत्रंसुद्धा शेपूट हलवून जातं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझं जे झालं, ते हिनं तीन महिने रोज सहा वाजता सोसलं आणि तरी दुसऱ्या दिवशी परत गुडघे वाकवले. तिची हिंमत माझ्यात नाही.

तिचा हात कडीवर गेला. नमस्कार तर आला नव्हता. मग मी काय करणार, उत्तरच आधी देऊन टाकलं.

"मराहाबा," मी म्हटलं.

ती थांबली. वळली नाही. मला वाटलं, चुकीचं म्हटलं की काय. आणखी मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. माझ्याकडे तेवढा एकच शब्द होता, तो किती वेळा खर्चावा याचं भान राहिलं नाही.

ती वळली आणि इंग्रजीत काही बोलली. मी मान हलवली, मला येत नाही. दिव्यश्रीला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. धनलक्ष्मी आठवली. मग मी सरळ तिच्या तोंडाकडे पाहून माझ्या मराठीत बोलू लागले. म्हटलं, हे बघ बाळ. तुळशीकडे बोट केलं, सूर्य उगवतो तिकडे केलं, ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले, गोल फिरून दाखवलं. तोंड बंद, देवासाठी बंद, तुझ्यासाठी नव्हे. ती एकटक पाहत होती. मग लुगड्याचं राहिलं. ओलं लुगडं म्हणजे सोवळं, ते दाखवायलाच मी ते ओलं ठेवलं होतं. तेवढ्यात कार्तिकेय तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन विहिरीकडे आला. मी त्याला म्हटलं, "ये रे, मला शिव."

तो जागच्या जागी थिजला. मी पुन्हा म्हटलं, शिव म्हणते ना. बिचाऱ्यानं घाबरत हात पुढे केला. मी लुगडं आवरून अशी मागे उडी मारली की माझ्या गुडघ्यांनी आठवडाभर त्याची आठवण दिली. "हा माझा मुलगा," मी छातीला हात लावून तिला म्हटलं, पोट दाखवलं, इथून काढलेला. आणि पुन्हा उडी मारून दाखवली. कार्तिकेयाच्या तोंडातला फेस हनुवटीवर आला होता.

तुसेकिले आधी त्याच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. दाराला धरून हसली. हसता हसताच खाली वाकली, डोळे पुसले आणि "शिकामो" म्हणाली. मी म्हटलं, "मराहाबा, औक्षवंत हो." माझ्या भाषेतलं थोडं पुढे जोडून दिलं, उशिरानं आलेल्या माणसाला दोन घास जास्त वाढतात तसं.

बस तर गेली. पुढची सातला. मी तिला मागच्या ओसरीवर बसायची खूण केली, कोरडं लुगडं नेसून आले आणि कॉफी आणली. तिची कॉफी मी नेहमी खिडकीतल्या पेल्यात ओतत असे. स्टीलचा पेला, वेगळा, खिडकीच्या फळीवर उपडा ठेवलेला. मी तोच घ्यायला हात घातला. तिनं त्या पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हसू नव्हतं तोंडावर, रागही नव्हता. बोट करून नुसतं विचारलं. हे?

मौन मला हातवाऱ्यांनी समजावता आलं. सोवळं उड्या मारून समजावलं. पेला मात्र कसा समजावायचा? म्हणता आलं असतं की बाहेरच्या सगळ्यांनाच वेगळा असतो, धनलक्ष्मीचाही आहे. ते खरंही आहे. पण मी माझ्या मनाला विचारलं, एखादी गोरी मडम राहायला आली असती तर तू वेगळा पेला ठेवला असतास का, अंबुजा? ठेवला असता. पण चांदीचा ठेवला असता.

यावर माझ्याकडे कुठलंही नाटक नव्हतं. मी तो पेला खाली घेतला, त्यात माझी स्वतःची कॉफी ओतली आणि पेल्याला ओठ लावून प्याले. आम्ही पेला ओठांना लावत नाही, वरून तोंडात सोडतो. चौसष्ट वर्षांत मी पहिल्यांदा उष्टं केलं. वर चटकाही बसला. तिची कॉफी मी घरातल्या पेल्यात दिली, आमच्या पेल्यांपैकी ज्यावर माझ्या सासूचं नाव कोरलं आहे त्यात. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, दोघींना पाहिलं आणि परत वर केलं. त्या दिवसाचं वाक्य त्यांनी वाचवून ठेवलं.

तुसेकिलेनं ते कोरलेलं नाव बोटानं चाचपलं आणि कॉफी प्याली. मग पेला तिनं स्वतः विसळून आणला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. मी म्हटलं, आता आत ये, तिथे उभी राहून माझा उजेड अडवू नकोस.

रविवारी रिक्षावाला आला. मी त्याला म्हटलं, कुणी बोलावलं तुला? तो वर पाहू लागला. तुसेकिलेनं वरून मान हलवली, नको म्हणून, आणि मी त्याला हातावर दोन केळी देऊन परत पाठवलं.

मग आमचं बोलणं सुरू झालं, आणि त्याला भाषा म्हणावं की मिसळ हे मला ठाऊक नाही. तमिळ तिनं धनलक्ष्मीकडून उचललं, मराठी माझ्याकडून, मधल्या खड्ड्यांत इंग्रजीचे खडे. दिव्यश्री काही दिवस फुगली होती, तिची नोकरी गेली ना. लग्नाचा प्रश्न मी स्वतः विचारला. तुसेकिले म्हणाली, आधी विचारलं असतंत तर आधी सांगितलं असतं. तिचं ठरलेलंच आहे, मुलगा मास्तर आहे, वाट पाहतो आहे. तिच्या गावी सासरे समोर आले की सून वाटेतून बाजूला होते, तोंड दाखवत नाही. मी म्हटलं, अगं, माझ्या आज्जीच्या वेळी आमच्यातही असंच होतं. मग आम्ही दोघींनी मिळून जगातल्या सगळ्या सासऱ्यांना तासभर नावं ठेवली.

एकदा ती कचेरीतून मूठभर भात घेऊन आली. वाळलं आहे की नाही ते यंत्रात घालून पाहायचं असतं, आणि तिचं यंत्र रोज वेगळं सांगे. मी एक दाणा दाढेखाली धरला. कट्कन फुटला नाही, दबला. म्हटलं, अजून एक ऊन दे. दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्या यंत्रावर पाहिलं आणि घरी येऊन मला इतक्या जोरात मिठी मारली की माझं सोवळं, ओवळं, सगळं एकदम गेलं. तिच्या वहीत तिनं माझ्या दाढेचं चित्र काढलं आहे. तिच्या गावच्या बायकांना दाखवणार म्हणाली.

आता मी तिच्यावर ओरडते. वरचा दिवा जळत ठेवला तर ओरडते, केस ओले ठेवले तर ओरडते. पूर्वी ओरडत नव्हते तेव्हा तिला वाटायचं की मी रागावले आहे. आता ओरडते तर ती हसते आणि उलट बोलते. उलट बोलायला बरीक लवकर शिकली. शिकवणारी चांगली मिळाली.

सकाळचं मौन मी सोडलेलं नाही. सासूनं लावलेलं आहे, ते तिच्याकडे जाईपर्यंत राहील. तुसेकिले सहाला उतरते, तुळशीपाशी थांबते, गुडघे वाकवते, "शिकामो" म्हणते. मी एक बोट वर करते. म्हणजे थांब, येतं आहे. ती मान हलवून निघते. नैवेद्य झाला की मी तशीच दारात येते. तोवर ती गल्लीच्या टोकाला, बसच्या थांब्याशी पोचलेली असते. मी तिथून, तासाभराच्या दाबलेल्या गळ्यानं, हाक घालते, "मराहाबा." सगळी गल्ली ऐकते. ती तिकडून हात हलवते. एकदा तर बसवाल्यानं हॉर्न वाजवून उत्तर दिलं.

परवा ताराबाई नातीला घेऊन ओट्यावर आली. तुसेकिले कामावरून परतली होती, माझ्या शेजारी बसून कांदे सोलत होती. ताराबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाली, अंबुजाक्का, रोज सकाळी तू हिला ओरडून काय ग म्हणतेस? आणि हिला आपलं खाणं आवडतं का? आणि ही परत कधी जाणार?

मी कांदा खाली ठेवला.

"तिला विचार," मी म्हटलं. "तुझ्यासमोरच बसली आहे."